आधी फक्त तीन दिवस मागितले होते

१४ ऑगस्ट १७९१ ला रविवार होता. कॅरिबियन समुद्रातल्या सँ दोमँग या फ्रेंच वसाहतीत, उत्तरेच्या मैदानी पट्ट्यातल्या एका ऊसमळ्यावर त्या दिवशी आसपासच्या मळ्यांवरचे गुलाम जमले होते. प्रत्येक मळ्याने दोघे धाडले होते. त्यांत बरेचसे मुकादम आणि कोचमन, म्हणजे मालकाच्या विश्वासातले, मळ्याबाहेर जायची मुभा असलेले लोक होते. लिहितावाचता येणाऱ्या एकाने सगळ्यांना एक बातमी वाचून दाखवली: फ्रान्सच्या राजाने गुलामांना आठवड्यातले तीन दिवस मोकळे दिले आहेत, चाबकाचे फटके बंद केले आहेत, पण इथले मालक तो हुकूम दाबून बसलेत, त्याची अंमलबजावणी करायला राजाची फौज निघाली आहे.

असा कुठलाही हुकूम निघालेला नव्हता. तरी आठ दिवसांनी, २२ ऑगस्टच्या रात्री, ते मैदान पेटले. मळ्यामागून मळा जळत गेला, उसाच्या फडांचा धूर समुद्रातल्या जहाजांवरून दिसू लागला. १ जानेवारी १८०४ रोजी त्याच भूमीवर हैती नावाचे स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले. गुलामांनी उठाव करावा, तो जिंकावा आणि त्यातून आपले राज्य उभारावे, याचे जगाच्या इतिहासात दुसरे उदाहरण नाही.

वसाहती साम्राज्याविरुद्ध का उठतात, या प्रश्नाला आपण चटकन ‘जुलूम’ असे उत्तर देतो. मला ते अपुरे वाटते. सँ दोमँगमध्ये जुलूम तर शंभर वर्षे होता, आणि १७९१ मध्ये उठलेल्या माणसांनी फ्रान्सपासून वेगळे होण्याची भाषाही केली नव्हती. ते तीन दिवस मागत होते. तीन दिवसांपासून स्वतंत्र राष्ट्रापर्यंत त्यांना कोणी आणून सोडले, हे बघत गेले की बोट पुन्हा पुन्हा साम्राज्याकडेच जाते.

पश्चिम महाराष्ट्रात ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला त्या मळ्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. तोडलेला ऊस ठेवून चालत नाही, तो लगेच चरकात गेला पाहिजे. म्हणून हंगामात तिथले चरक रात्रंदिवस चालत. उभे तीन रूळ, ते फिरवायला खेचरे किंवा पाण्याचे चाक, आणि त्यांत हाताने ऊस सारणारी, बहुधा बाई. रात्रीच्या पाळीत डोळ्यावर झापड आली आणि बोट रुळांत गेले, की हात आत ओढला जाई. तो तोडून जीव वाचवायला चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे. पलीकडे ओळीने मांडलेल्या काहिलींत रस उकळे, मोठीतून लहानीत ओतला जाई, आणि खाली आगीत चिपाडे लोटणारी माणसे होरपळत उभी असत. गुऱ्हाळावर हंगाम संपला की माणूस घरी जातो. इथे जायला घर नव्हते. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, म्हणून तूट भरून काढायला जहाजे सतत आफ्रिकेतून माणसे आणत. १७८० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला तीस हजारांहून अधिक माणसे आणली जात होती.

या हिशेबावर फ्रान्स गब्बर झाला होता. युरोपात खपणाऱ्या साखरेचा सुमारे ४० टक्के आणि कॉफीचा निम्म्याहून अधिक भाग या एका वसाहतीतून जाई. बोर्दो आणि नाँत ही बंदरे त्याच पैशावर सजली. वसाहतीत गोरे होते सुमारे तीस हजार, जवळपास तितकेच स्वतंत्र मिश्रवंशीय व काळे, आणि गुलाम पाच लाखांच्या घरात. त्या गुलामांपैकी बहुतेकांचा जन्म आफ्रिकेतला होता. गुलामीच्या आधीचे आयुष्य त्यांना आठवत होते.

आता ते तीन दिवस. गुलामांना पोटाला घालण्याचा खर्च वाचवायला मालक त्यांना पडीक जमिनीचा एखादा तुकडा देत. रविवारी तिथे राबून त्यांनी रताळी, केळी, कंद पिकवायचे आणि आपले पोट भरायचे. उरलेला माल शहरातल्या बाजारात विकताही येई. आठवड्यातला तेवढाच एक दिवस आणि तेवढाच एक तुकडा त्यांचा होता. तीन दिवस मागणे म्हणजे तो तुकडा थोडा मोठा करून मागणे. वरवर किरकोळ दिसणारी ही मागणी पुढच्या सगळ्या घडामोडींत पुन्हा पुन्हा डोके वर काढते. मोठ्या नेत्यांना ती नेहमी कळलीच असे नाही, स्वतः गुलामीतून वर आलेल्यांनाही नाही.

गंमत अशी की साम्राज्याविरुद्ध पहिली कुरकुर गुलामांनी केली नाही, गोऱ्या मळेवाल्यांनी केली. साखर विकायची ती फ्रेंच व्यापाऱ्यालाच, आणि माल घ्यायचा तोही त्याच्याकडूनच, असा कायदा होता. मळेवाले बोर्दोच्या सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. शेजारच्या अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडचे जोखड फेकून दिलेले त्यांनी पाहिले होते. १७८९ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली तेव्हा त्यांना वाटले, आता आपला कारभार आपल्या हाती येईल. १७९० च्या वसंतात सँ मार्क गावी भरलेल्या त्यांच्या सभेने स्वतःची घटनाच मंजूर करून टाकली. गव्हर्नरने फौज पाठवली तेव्हा तिचे ८५ सभासद लेओपार नावाच्या जहाजात बसून दाद मागायला फ्रान्सला गेले. माणसांची खरेदी-विक्री आपल्या मर्जीने करता यावी, एवढाच त्यांच्या स्वातंत्र्याचा अर्थ होता.

दुसरे गाऱ्हाणे स्वतंत्र मिश्रवंशीयांचे. त्यांच्यातल्या अनेकांकडे कॉफीचे मळे होते, गुलामही होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७९ साली सव्हानाच्या वेढ्यात फ्रान्सच्या बाजूने ते लढले होते. तरी गोऱ्यांची आडनावे लावायची नाहीत, अमुक कपडे घालायचे नाहीत, अमुक धंदे करायचे नाहीत, असे नियम त्यांच्यावर वाढतच चालले होते. व्हँसाँ ओजे हा त्यांच्यातला सधन व्यापारी पॅरिसला गेला, मळेवाल्यांच्या क्लबात जाऊन बोलला, संसदेत खटपट केली. सर्व करदात्या मालमत्ताधारकांना मत द्यावे, इतकेच त्याचे म्हणणे होते. गुलामांबद्दल त्याने काही मागितले नाही. संसदेने मोघम ठराव करून तोंडाला पाने पुसली. ऑक्टोबर १७९० मध्ये तो परतला, काहीशे माणसे जमवून उठला आणि हरला. फेब्रुवारी १७९१ मध्ये ले काप शहराच्या चौकात त्याची हाडे एकेक करून मोडली आणि त्याला चाकावर टाकले. अर्ज-विनंत्या करणाऱ्या, मालमत्ता असलेल्या, फ्रेंच शिकलेल्या माणसाचे काय केले जाते हे सगळ्या शहराने पाहिले. सहाच महिन्यांनी मैदान पेटले.

उठावाचा पहिला पुढारी बुकमान हा नोव्हेंबरमध्ये मारला गेला आणि त्याचे मुंडके ले कापमध्ये टांगले गेले. पण त्यानंतरच्या महिन्यात जे घडले ते मला या सगळ्या हकिकतीचे मर्म वाटते. पॅरिसहून सरकारी आयुक्त आले होते. उठावाचे पुढारी झाँ-फ्राँस्वा आणि बिआसू यांनी त्यांच्याकडे तह मागितला. अटी काय, तर आमच्या काहीशे म्होरक्यांना स्वातंत्र्य द्या, बाकीच्यांना आम्ही समजावून मळ्यांवर परत नेतो. बोलणी चालवणाऱ्यांत बिआसूचा एक मदतनीस होता, तूसाँ नावाचा. तो एके काळी ब्रेदा मळ्यावर गुलाम होता, कोचमन होता, घोड्यांची आणि झाडपाल्याच्या औषधांची त्याला जाण होती. त्याने तो आकडा घासाघीस करत साठापर्यंत खाली आणला, असे सांगतात. लाखभर माणसांच्या बदल्यात साठ! आज वाचताना हे बोचते. मागे राहणाऱ्यांचा हा विश्वासघातच होता, आणि पकडलेले गोरे कैदी सोडायची वेळ आली तेव्हा उठावातली साधी माणसे तलवारी उपसून आडवी आली होती.

वसाहतीच्या गोऱ्या सभेने मात्र ही संधीही लाथाडली. बंडखोरांशी आम्ही बोलत नाही, म्हणाली. आयुक्तांच्या आणि झाँ-फ्राँस्वाच्या भेटीत एका मळेवाल्याने पुढे होऊन त्याला घोड्याच्या चाबकाने मारले. हजारो माणसांचा सेनापती, तहाची बोलणी करायला आलेला, आणि त्याच्या अंगावर चाबूक. आयुक्तांनी कसेबसे निभावून नेले, काही दिवसांनी तूसाँ गोऱ्या कैद्यांना सुखरूप ले कापला पोचवूनही आला, पण तह झाला नाही. साठ जणांच्या मोबदल्यात जी वसाहत टिकली असती, ती त्या हट्टापायी हातची गेली.

पुढची दोन वर्षे सगळीच उलथापालथ. फ्रान्समध्ये राजाचा शिरच्छेद झाला, स्पेन आणि इंग्लंड युद्धात उतरले. तूसाँसह बरेच बंडखोर शेजारच्या स्पॅनिश वसाहतीच्या फौजेत सामील झाले. कोंडीत सापडलेल्या सोंतोना या फ्रेंच आयुक्ताने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर प्रांतात गुलामी रद्द केल्याचे जाहीर केले. वसाहतीने तीन प्रतिनिधी पॅरिसला धाडले. एक गोरा, एक मिश्रवंशीय, आणि तिसरा झाँ-बातिस्त बेले, आफ्रिकेत जन्मून गुलाम म्हणून आणलेला. त्यांचे ऐकून ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रेंच संसदेने सगळ्या फ्रेंच वसाहतींतली गुलामी रद्द केली. तूसाँ, आता तूसाँ लुव्हेर्त्यूर, स्पेनला सोडून फ्रान्सच्या बाजूला आला.

इथे जरा थांबावेसे वाटते. कारण हा टप्पा शाळकरी इतिहासाच्या साच्यात बसत नाही. १७९४ पासून पुढे आठ वर्षे या माजी गुलामांनी फ्रान्ससाठी रक्त सांडले. त्यांनी स्पॅनिशांना हटवले. बेटावर उतरलेल्या इंग्रज फौजा पाच वर्षे झुंजून, तापाने हजारो माणसे गमावून १७९८ मध्ये निघून गेल्या. तूसाँने १८०१ मध्ये वसाहतीची घटना केली, स्वतःला तहहयात गव्हर्नर नेमले, गुलामी कायमची संपल्याचे लिहिले, आणि त्याच कलमात इथली माणसे स्वतंत्र आणि फ्रेंच म्हणून जगतील-मरतील असेही लिहिले. वसाहतीने वेगळे व्हावे असे त्याने घटनेत कुठेही म्हटले नाही. आपल्याकडे काँग्रेसची पहिली सभा १८८५ मध्ये मुंबईत भरली आणि पूर्ण स्वराज्याचा ठराव १९२९ मध्ये लाहोरला झाला. मधली ४४ वर्षे अर्ज, सुधारणा, होमरूल, वसाहतीचे स्वराज्य असे करत गेली. माणूस तुटून निघण्याआधी बराच काळ न्याय मागत असतो.

तूसाँला मी देव मानत नाही. त्याला सैन्य पोसायला पैसा हवा होता आणि पैसा साखरेतच होता. म्हणून त्याने फर्मान काढले: शेतमजुरांनी आपापला मळा सोडायचा नाही, परवान्याशिवाय फिरायचे नाही. मजुरी मिळे, चाबूक गेला होता, पण मळा तोच आणि भोवती शिपाई. लोकांना आपला तुकडा हवा होता. १८०१ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरेत मजूर उठले, तेव्हा त्यांच्याशी संगनमत केल्याच्या आरोपावरून तूसाँने आपला मानलेला पुतण्या, सेनापती मोईझ, याला गोळ्या घातल्या. फ्रेंच आरमार आले तेव्हा बरेच लोक तूसाँसाठी धावले नाहीत, त्याचे हे एक कारण.

आरमार आले ते १८०२ च्या आरंभी. नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर याला वीस हजारांहून अधिक सैन्य देऊन धाडले. तूसाँचे दोन मुलगे पॅरिसला शिकत होते, त्यांनाही बापाच्या नावे पत्र देऊन सोबत पाठवले. जाहीरनाम्यात सगळ्यांच्या स्वातंत्र्याची हमी होती. गुप्त सूचना वेगळ्या होत्या: आधी गोड बोला, मग सेनापतींना उचला, मग हत्यारे काढून घ्या.

मार्चमध्ये क्रेत-आ-पिएरो या डोंगरी गढीला फ्रेंचांनी वेढा घातला. रात्री वेढ्यातल्या फ्रेंच सैनिकांना गढीतून गाणी ऐकू आली. ती फ्रेंच क्रांतीची गाणी होती, त्यांचीच. आपण नक्की कोणाशी लढतो आहोत, असा प्रश्न आपल्या सैनिकांच्या तोंडावर उमटल्याचे एका फ्रेंच अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवले. त्या वसंतातही गढीतली माणसे स्वतःला प्रजासत्ताकाचे शिपाई समजत होती.

मे महिन्यात तूसाँने शस्त्र खाली ठेवले. क्रिस्तोफ आणि देस्सालीन हे त्याचे सेनापती फ्रेंचांच्या चाकरीत गेले. ७ जूनला तूसाँला बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून दगा देऊन पकडले आणि फ्रान्समध्ये ज्यूरा डोंगरातल्या फोर द जू किल्ल्यात ठेवले. एप्रिल १८०३ मध्ये त्या थंडीतच तो गेला. तूसाँ पकडला गेला तेव्हा नेपोलियनला वाटले असेल, प्रश्न मिटला. तोवर बंडही जवळजवळ विझले होते.

ते पुन्हा पेटवले एका बातमीने. मे १८०२ मध्ये फ्रान्सने कायदा करून मार्तिनिक वगैरे बेटांवरची गुलामी कायम ठेवली. ग्वादलूप बेटावर तर १७९४ मध्ये मुक्त झालेल्यांना सेनापती रिशपाँसने पुन्हा गुलाम केले. तिथे देल्ग्रेस हा अधिकारी शरण न जाता शेकडो साथीदारांसह दारूगोळा पेटवून मेला. ही बातमी उन्हाळ्यात सँ दोमँगला येऊन पोचली. लक्लेर त्या वेळी लोकांकडच्या बंदुका गोळा करत होता. सोंतोनाने त्या बंदुका वाटताना सांगितले होते म्हणे, की जो कोणी या परत मागेल त्याला तुम्हांला पुन्हा गुलाम करायचे असेल असे समजा. आता दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. हातात बंदूक असलेल्या प्रत्येक माणसाला त्यांचा अर्थ लागला.

लक्लेरची त्या महिन्यांतली पत्रे वाचताना साम्राज्याचे आतले बोलणे कानी पडते. या लोकांना स्वातंत्र्याबद्दल शंका येईल असे काही करू नका म्हणून मी विनवले होते, असे तो नेपोलियनला कळवतो. ही माणसे मरणाला हसतात, बायकाही तशाच मरतात, असे लिहितो. ऑक्टोबरमध्ये लिहितो की डोंगरातले सगळे काळे, स्त्री-पुरुष, मारून टाकावे लागतील, बारा वर्षांखालची मुले तेवढी ठेवावीत. नोव्हेंबरमध्ये तो पीतज्वराने मेला. त्याच्यामागून रोशाँबो आला, त्याने क्यूबाहून माणसांवर सोडायला कुत्रे आणवले.

देस्सालीन त्या उन्हाळ्यात फ्रेंचांसाठी बंदुका गोळा करत हिंडत होता, आणि अजून लढत राहिलेल्या आपल्याच लोकांना मारत होता. ऑक्टोबरमध्ये तो आणि पेतियों हा मिश्रवंशीय सेनापती फिरले. दोन-तीन वर्षांपूर्वी हे दोघे एकमेकांविरुद्ध लढले होते. आता प्रथमच फ्रान्सपासून सुटायचे अशी भाषा सुरू झाली. मे १८०३ मध्ये देस्सालीनने फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून काढला आणि निळा-तांबडा जोडून झेंडा केला, अशी हैतीत परंपरा आहे. नेपोलियनने त्याच वर्षी लुइझियानाचा अफाट मुलूख अमेरिकेला दीड कोटी डॉलरला विकून टाकला. साखरेचे बेट हातून जात असताना त्याला पोसणारी पिछाडीची जमीन ठेवून करायचे काय? १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तियेरला शेवटची लढाई झाली आणि रोशाँबो शरण गेला.

१ जानेवारी १८०४ ला गोनाईव्ह गावी घोषणापत्र वाचले गेले. देशाला नाव दिले ते कोलंबस येण्याआधीच्या ताईनो लोकांच्या भाषेतले, ज्यांना स्पॅनिश साम्राज्याने फार पूर्वीच जवळपास संपवले होते. नंतरच्या काही महिन्यांत देस्सालीनच्या हुकमाने मागे राहिलेल्या काही हजार फ्रेंच स्त्री-पुरुषांची कत्तल झाली. तिचे समर्थन मी करणार नाही, आणि लक्लेरच्या त्या पत्रांपासून ती सुटी काढूनही दाखवणार नाही. फ्रेंच फौजेतून आलेले आणि बाजू बदललेले पोलिश सैनिक मात्र वाचले. १८०५ च्या घटनेने त्यांना हैतीचे नागरिक केले.

मळ्यांवरच्या माणसांना त्यांचे तीन दिवस लगेच मिळाले नाहीत. देस्सालीननेही त्यांना मळ्यांवरच बांधून ठेवले, उत्तरेत क्रिस्तोफनेही. पुढच्या काळात पेतियोंने जमिनी वाटल्या, लोक डोंगरांत पसरले, त्यांनी रताळी, केळी, कॉफी लावली. साखरेचे मोठे कारखाने ओस पडत गेले. परदेशी प्रवाशांनी त्याला आळस म्हटले. मला त्यात १७९१ चीच मागणी दिसते, उशिरा का होईना लोकांनी आपल्या हाताने पुरी करून घेतलेली.

फ्रान्सने मात्र हिशेब सोडला नाही. १८२५ मध्ये राजा दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून कळवले: स्वातंत्र्य मान्य करतो, पण मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक भरा. मळेवाल्यांच्या या नुकसानीत त्यांचे गुलामही धरले होते, म्हणजे स्वतःच्या देहाची किंमत त्या लोकांनीच चुकवायची. पहिला हप्ता भरायला हैतीने पॅरिसच्याच बँकेकडून कर्ज काढले. १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आली, तरी कर्जावर कर्ज चढत गेले. त्यातून उद्भवलेल्या देण्याची अखेरची फेड व्हायला १९४७ साल उजाडले. शाळा, रस्ते, बंदरे यांवर जायला हवा होता तो पैसा सव्वाशे वर्षे समुद्रापार जात राहिला. २००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी तो परत मागितला. एप्रिल २०२५ मध्ये, त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा एक आयोग नेमायचे जाहीर केले. पैसे परत करण्याबद्दल ते काही बोलले नाहीत.